ऑरेंज (रंगवाचक इंग्रजी शब्द)

ऑरेंज हा इंग्रजी शब्द फळ आणि रंग या दोहोंचा वाचक आहे. वर्णपटात तांबडा आणि पिवळा यांच्या दरम्यान, सुमारे ५९० ते ६२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात दिसणाऱ्या रंगास तो लावला जातो. फळाचा अर्थ जुना असून रंगाचा अर्थ त्यावरून नंतर आला.

शब्दाचा प्रवास भारतातून पश्चिमेकडे झाला, याविषयी दुमत नाही. संस्कृत ‘नारंग’ फार्सीत त्याच रूपाने गेला, अरबीत ‘नारंज’ झाला आणि अरबांनी भूमध्य समुद्राच्या काठी नेलेल्या कडू जातीच्या फळाबरोबर स्पॅनिश, इटालियन व फ्रेंच भाषांत पोहोचला. स्पॅनिशमध्ये आरंभीचा नकार (‘न’ हा वर्ण) टिकला. इटालियन व फ्रेंच रूपांत तो गळाला. इंग्रजीत ‘अ नॉरेंज’चे ‘ॲन ऑरेंज’ झाले, असे स्पष्टीकरण वारंवार दिले जाते. परंतु इंग्रजीने हा शब्द चौदाव्या शतकाच्या सुमारास फ्रेंचमधून घेतला तेव्हा तो नकाराविनाच होता, म्हणून हे स्पष्टीकरण स्वीकारता येत नाही. नकाराचा लोप आधीच्या रोमान्स (लॅटिनपासून निघालेल्या) भाषांत, तेथील अनिश्चित उपपदाशी (‘एक’ अशा अर्थाच्या शब्दाशी) मिसळून झाला असावा. फ्रेंच रूपातील आद्य ओकारावर सोन्याच्या अर्थाच्या ‘ऑर’ शब्दाचा परिणाम झाला असावा, असेही सुचविले जाते.

मूळ ‘नारंग’ कोठून आला, हा प्रश्न अधिक वादग्रस्त आहे. संस्कृत वाङ्मयात ‘नारंग’ व ‘नागरंग’ अशी दोन्ही रूपे आढळतात. ‘नाग’ आणि ‘रंग’ अशी फोड करणारे मत जुने आहे. दुसऱ्या मतानुसार तमिळ ‘नारत्तै’ व मलयाळम ‘नारङ्ङ’ यांच्या कुळातील, सुगंधवाचक धातूशी जोडल्या जाणाऱ्या द्राविडी शब्दापासून संस्कृत रूप आले. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण अपरिचित शब्दाला परिचित अवयवांत बसविण्याच्या प्रवृत्तीने ‘नागरंग’ हे रूप सहज घडू शकते. तथापि लिंबूवर्गीय वनस्पतींचे मूळस्थान हिमालयाच्या आग्नेय पायथ्याकडे दाखविले जात असल्याने, फळ आणि त्याचे नाव यांचा उगम एकाच प्रदेशात मानण्याचे कारण नाही.

रंगाच्या अर्थाने ऑरेंज सोळाव्या शतकाच्या आरंभी रूढ होऊ लागला. तत्पूर्वी प्राचीन इंग्रजीत ‘पिवळा-तांबडा’ असा सामासिक शब्द होता, अथवा तांबड्याच्या शब्दावरच भागविले जाई. रॉबिन पक्ष्याची छाती वस्तुतः नारिंगी असूनही त्याच्या इंग्रजी नावात ती तांबडी म्हटली जाते, ती याच काळाची खूण होय.

फ्रान्समधील ऱ्होन नदीच्या खोऱ्यातील ऑरेंज नगराचे नाव रोमन काळातील ‘आरौसिओ’वरून आले असून त्याचा फळाशी संबंध नाही, ध्वनिसाम्यामुळे दोन्ही नावे पुढे एक झाली. १५४४ मध्ये या नगराचे संस्थान नासाऊ घराण्यातील विल्यम याच्याकडे वारशाने गेले आणि हा रंग डच राजघराण्याचा झाला. तेथून तो आयर्लंडमधील प्रॉटेस्टंट पक्षाची खूण बनला व १७९५ मध्ये तेथे ऑरेंज ऑर्डर ही संघटना स्थापन झाली. डचांनी राजघराण्याच्या सन्मानार्थ गाजराला हा रंग आणला, या कथेला आधार नाही.

व्हिएतनाम युद्धात वापरलेल्या एजंट ऑरेंज या तणनाशकाचे नाव त्याच्या पिंपांवरील रंगीत पट्ट्यावरून पडले. रसायनशास्त्रातील मिथाइल ऑरेंज हे दर्शक (रंग बदलून आम्ल-अल्कली ओळखू देणारे द्रव्य) आम्लात तांबडे व अल्कलीत पिवळे होते.

मराठीत या शब्दाला एकच प्रतिशब्द पुरत नाही. केशरी हा केशराच्या पाण्याचा, शेंदरी हा शिशाच्या संयुगापासून होणाऱ्या शेंदराचा आणि भगवा हा गेरूने रंगविलेल्या वस्त्राचा रंग. फळावरून आलेला नारिंगी हाच अर्थाने सर्वांत जवळचा होय. संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी संमत केलेल्या ठरावाच्या इंग्रजी मसुद्यात राष्ट्रध्वजाच्या वरच्या पट्ट्यासाठी ऑरेंज हा शब्द नसून केशराचा वाचक शब्द व जोडीला ‘केसरी’ असा आहे. ध्वजाविषयी लिहिताना हा भेद पाळलाच पाहिजे. ‘संत्रे’ हा शब्द पोर्तुगालमधील सिंत्रा नगरावरून आला, असे सांगतात. पण बाबराच्या आत्मचरित्रात ‘संगतरा’ या फळाचा उल्लेख असल्याने ही व्युत्पत्ती संशयास्पद ठरते.

बडोद्यात १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ने इंग्रजी शासकीय शब्दांसमोर अनेक भारतीय भाषांतील प्रतिशब्द मांडले. तीच शेजारशेजारची तुलना येथे उपयोगी पडते. गुजरातीत फळ व रंग या दोहोंसाठी ‘नारंगी’ असल्यामुळे बडोद्याच्या दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातील मराठी घरांतही हेच रूप सहज तोंडी येते, आणि मूळ ‘नारंग’ला ते ‘नारिंगी’पेक्षा जवळचे असल्याने त्यास अशुद्ध म्हणू नये. हवामान खात्याच्या चार रंगी इशाऱ्यांत ऑरेंज हा ‘तयार राहा’ असे सांगणारा, तांबड्याच्या आधीचा टप्पा आहे. बडोद्याजवळच्या आजवा सरोवराचे पाणी आणि विश्वामित्री नदीची पातळी पावसाळ्यात ज्यांना रोज पाहावी लागते, त्यांच्यासाठी ‘ऑरेंज अलर्ट’ हा शब्दप्रयोग मराठी मजकुरातही तसाच ठेवणे योग्य, कारण तेथे केशरी, भगवा असे पर्याय आळीपाळीने वापरल्यास इशाऱ्याचा टप्पा कोणता, याविषयी घोटाळा होतो.