छोट्या सर्व्हिस कंपनीत आयटीआयचा अप्रेंटिस घ्यायचाय? अर्ज कुठे अडतो ते आधी बघा

एसी-फ्रिज दुरुस्ती, वायरिंग, प्लंबिंगची कामं घेणाऱ्या छोट्या कंपन्यांचं दुखणं एकच असतं. शिकवून तयार केलेला पोरगा दोन सीझन काढतो आणि जातो, मग नवा चांगला हात मिळत नाही. शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप, हा त्यावरचा सरळ आणि परवडणारा मार्ग आहे. तरीही अर्ज परत येतात. मी आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक, म्हणजे ट्रेड शिकवणारा, होतो, आता ओळखीच्या कंपन्यांना हे अर्ज भरायला मदत करतो. परत आलेल्या अर्जांत चुका त्याच त्या असतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी पात्रता. कायदा १९६१ चा, शिकाऊ उमेदवार अधिनियम. २०१९ मध्ये नियम बदलले, तेव्हापासून ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे आणि ४ ते २९ माणसं असतील तर ते ऐच्छिक आहे. किती घ्यायचे? एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. या ‘एकूण’ शब्दावरच पहिली ठेच लागते. त्यात ठेकेदारामार्फत आलेली कंत्राटी माणसंही धरायची असतात. पगारपत्रकावर आठ जण आणि ठेकेदाराचे सहा, तर तुमचा आकडा चौदा. आठच लिहिले तर एकच अप्रेंटिस बसतो, चौदा लिहिले तर दोन बसतात. एकदा आठ आणि दुसऱ्या कागदावर चौदा असं मात्र कुठेही होऊ देऊ नका.

दुसरा गोंधळ योजनेच्या नावाचा. २०२४ मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. ती वेगळी. तिची नोंदणी महास्वयम या राज्य सरकारच्या रोजगार पोर्टलवर होते, कंपनीत किमान २० माणसं लागतात आणि विद्यावेतन राज्य सरकार देतं. आपण बोलतोय ती शिकाऊ उमेदवारी ‘अप्रेंटिसशिप इंडिया’ पोर्टलवर नोंदवली जाते, विद्यावेतनाचा मोठा भाग मालकाने द्यायचा असतो आणि शेवटी परीक्षा देऊन मुलाला राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. सात-आठ माणसांचे मालक महास्वयमवर अर्ज करतात, तिथे नकार आला की ‘सरकारी योजना आपल्यासाठी नसतात’ म्हणून सोडून देतात. तुमच्यासाठी आहे, दार दुसरं आहे.

कंपनीची नोंदणी साधी आहे. पॅन, जीएसटी असेल तर तो, उद्यम नोंदणी, बँकेचा तपशील, मोबाइल आणि ई-मेल लागतो. नाव पॅनवर आहे तसंच्या तसं टाका. दुकानाच्या पाटीवरचं नाव आणि पॅनवरचं नाव वेगळं असलं की पुढे प्रत्येक पायरीला अडतं. गुमास्ता जोडणार असाल तर एक लक्षात घ्या. २०१७ च्या कायद्यापासून छोट्या आस्थापनेला नोंदणी प्रमाणपत्र मिळत नाही, सूचना दिल्याची पावती मिळते. ‘आमच्याकडे सर्टिफिकेटच नाही’ म्हणून घाबरायचं कारण नाही, तुमचा कागद ती पावतीच.

उमेदवार शक्यतो आयटीआय पासच निवडा. नुसता दहावी झालेला मुलगाही घेता येतो, पण त्याला आधी मूलभूत प्रशिक्षण द्यावं लागतं आणि छोट्या कंपनीला ती सोय करणं जड जातं. वयाची अट १४ पूर्ण, धोक्याच्या कामाला १८. बाराव्या मजल्याच्या खिडकीबाहेर आउटडोअर युनिट बसवण्याच्या कामाला अठराच्या आतलं पोर नेऊच नका.

आता खरी अडचण. मुलाकडे कागद असतात, पण ते एकमेकांशी जुळत नाहीत. आधारवर स्वतःचं नाव आधी, ट्रेड सर्टिफिकेटवर आडनाव आधी. एका मुलाचं आधारवर ‘दत्तात्रय’ होतं आणि सर्टिफिकेटवर ‘दत्तात्रेय’. तेवढ्या एका मात्रेपायी त्याचे दोन महिने गेले. अर्जावर शेरा काय, तर ‘कागदपत्रे योग्य नाहीत’. कोणता कागद, काय चुकलं, एक शब्द नाही. समोरचा मुलगा रोज बस पकडून चकरा मारतोय, त्याला नेमकी चूक लिहून द्यायला एक ओळ पुरली असती. म्हणून मुलाला हो म्हणण्याआधीच दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर, जन्मतारखेसकट, तपासा.

बँक खात्याचं तर विचारूच नका. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाच्या २५ टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये देतं. ऑगस्ट २०२३ पासून हे पैसे थेट मुलाच्या खात्यात जायला लागले. त्यासाठी खातं आधारशी ‘सीड’ झालेलं, म्हणजे सरकारी पैसे घेण्यासाठी बँकेने आधार क्रमांकाला जोडलेलं, लागतं. पासबुक काढताना आधारची झेरॉक्स दिली होती, एवढ्याने ते होत नाही. आणि सरकारी पैशांसाठी एका वेळी एकच खातं धरलं जातं. मुलाने मोबाइलवर सहज उघडलेलं एखादं खातं शेवटी जोडलेलं असेल तर पैसे तिकडेच जातात आणि तो म्हणतो, ‘सर, आलेच नाहीत.’ आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघता येतं. पाच मिनिटांचं काम आहे, पहिल्याच दिवशी मुलाला शेजारी बसवून करा.

विद्यावेतनाचा हिशेबही बऱ्याच जणांचा चुकतो. २०१९ च्या नियमांत शिक्षणानुसार किमान ५,००० ते ९,००० रुपये ठरले, दुसऱ्या वर्षी त्यावर १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ. करार भरताना पोर्टलवर दिसेल तोच आकडा किमान धरा. समजा ७,००० ठरले. त्याचे २५ टक्के १,७५० होतात, पण सरकार १,५०० च देणार, म्हणजे तुमच्या खिशातून ५,५०० जाणार. ते पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत, मुलाच्या खात्यात. रोख दिलेले पैसे कितीही प्रामाणिकपणे दिले असले तरी कागदावर दिसत नाहीत.

सर्व्हिसच्या धंद्यात आणखी एक सवय नडते. तंत्रज्ञाला कॉलमागे पैसे देतो तसेच अप्रेंटिसलाही द्यायचे, असं मालकांना वाटतं. कायदा याला स्पष्ट मनाई करतो: कामाच्या नगावर मोबदला नाही, इन्सेंटिव्हच्या योजनेत ओढायचं नाही. ते योग्यच आहे. कॉलचे पैसे लावले की पोरगा घाईने व्हॅक्यूम न करता (पाइपांतली हवा न काढता) गॅस भरतो आणि तीच सवय आयुष्यभर राहते. वर्षभर त्याला मुरलेल्या मिस्त्रीबरोबर पाठवा, एकट्याला कॉलवर सोडू नका. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी तुमची असते. पीएफ आणि ईएसआय लागत नाही, पण ही सूट या कायद्याखाली करार झालेल्या अप्रेंटिसची आहे. हजेरीवहीत नुसतं ‘ट्रेनी’ लिहून ती मिळत नाही.

मुदतीचं नीट वाचा, इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. ‘३० दिवस’ एवढंच ऐकून मालक महिनाभर थांबतात. कराराचा तपशील पोर्टलवर भरायला तुम्हाला ७ दिवस आहेत. हरकत असेल तर ती कळवायला शिकाऊ उमेदवारी सल्लागाराला, म्हणजे करार तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, १५ दिवस आणि करार नोंदवायला ३० दिवस. म्हणजे तीस दिवस त्यांचे, सात तुमचे. करारावर मुलाची सही, तो अठराच्या आतला असेल तर पालकाचीही. प्रत मुलाला द्या.

आणि हे सगळं मार्चमध्ये सुरू करू नका. उन्हाळ्याचे फोन खणखणायला लागल्यावर अप्रेंटिस शोधायला निघालात तर चांगली मुलं आधीच मोठ्या कारखान्यांत लागलेली असतात. आयटीआयच्या परीक्षा पावसाळ्यात होतात. निकालाच्या सुमारास जवळच्या आयटीआयच्या अप्रेंटिसशिप मेळाव्यात जाऊन उभे राहा. दिवाळीपर्यंत करार झाला तर मार्चपर्यंत मुलाचा हात फ्लेअरिंग-ब्रेझिंगवर, म्हणजे तांब्याच्या नळ्या जोडण्याच्या कामावर, बसलेला असतो. अर्ज अडलाच तर फोनवर वाद घालू नका, जिल्ह्याच्या बीटीआरआय केंद्रात, म्हणजे शिकाऊ उमेदवारीचं काम बघणाऱ्या सरकारी केंद्रात, जा. जाताना पॅन, मुलाचं आधार, ट्रेड सर्टिफिकेट, सीडिंगची प्रिंट आणि पोर्टलवर दिसणाऱ्या शेऱ्याची प्रिंट घ्या, आणि नेमकी हरकत लेखी मागा.