प्राचीन ग्रीक नकाशे : माहितीची जमवाजमव

नकाशे काढणाऱ्या ग्रीक पंडितांनी जग फारसे हिंडून पाहिले नव्हते; ते त्यांनी विचारून घेतले होते. खलाशी, व्यापारी, सैनिक यांच्याकडून अंतर कळे ते बहुधा दिवसांत : अमक्या बंदरापासून इतक्या दिवसांची वाट. त्याचे 'स्टेडियन' (अनेकवचन 'स्टेडिया') या लांबीच्या ग्रीक मापात रूपांतर करायचे आणि अतिशयोक्ती छाटायची, हे पंडिताचे खरे काम. अलेक्झांडरच्या सैन्यासोबत पावले मोजत चालणारे 'बेमॅटिस्ट' होते. त्यांच्या नोंदी पुढे एराटोस्थेनीससारख्या अभ्यासकांच्या उपयोगी पडल्या.

उत्तर-दक्षिण स्थान आकाशावरून ठरवता येई. उभ्या काठीची माध्यान्हीची सावली मोजायची किंवा वर्षातला सर्वांत मोठा दिवस किती तासांचा, हे पाहायचे. पूर्व-पश्चिम अंतराचे मात्र हाल होते. एकच चंद्रग्रहण दोन गावांतून पाहून वेळेतला फरक काढावा, असे खगोलज्ञ हिप्पार्कसने इ.स.पू. दुसऱ्या शतकात सुचवले. पण ग्रहण दिसताच वेळ टिपून ठेवणारी माणसे गावोगावी कुठून आणणार? इ.स.पू. ३३१च्या ग्रहणात आर्बेला (आजच्या इराकमध्ये) आणि कार्थेज (आजच्या ट्युनिशियात) यांच्या वेळांत तीन तासांचा फरक भूगोलज्ञ टॉलेमीने नोंदवला. तासाला १५ अंश या हिशेबाने अंतर ४५ अंश निघते. प्रत्यक्षात ते सुमारे ३४ अंशच आहे.

टॉलेमीचा 'भूगोल' हा ग्रंथ इ.स. १५०च्या सुमाराचा. त्याचा मुख्य आधार होता त्याच्या आधीचा भूगोलज्ञ, टायर शहराचा मारिनस. मध्य आशियातल्या 'दगडी बुरुज' या ठाण्यापासून रेशमाच्या देशाच्या, म्हणजे चीनच्या, राजधानीपर्यंत सात महिन्यांची वाट, या व्यापाऱ्यांच्या सांगण्यावरून मारिनसने ३६,२०० स्टेडिया धरले. टॉलेमीने ते सरळ निम्मे केले. रस्ता वळणावळणाचा, वाटेत वादळांमुळे मुक्काम पडणार, हा त्याचा हिशेब. शिवाय व्यापारी फुशारकीने अंतरे वाढवतात, असे खुद्द मारिनसनेच म्हटले होते. त्याचेच हे म्हणणे टॉलेमीने त्याच्यावर उलटवले.

याच ग्रंथात कोकणही येते. सिमिल्ला बंदर मारिनसने सिंधू नदीच्याही पश्चिमेला नेऊन ठेवले होते. तिथे जाऊन राहिलेल्या आणि तिथून आलेल्या लोकांच्या माहितीवरून ते सिंधूच्या मुखांच्या दक्षिणेला आहे, अशी दुरुस्ती टॉलेमीने केली. स्थानिक लोक त्याला 'तिमुला' म्हणतात, हेही नोंदवले. हे चौल असावे, असे मानतात. पैठणही 'बैठाण' म्हणून त्याच्या यादीत आहे. गावांची नावे अशी ओळखीची असूनही त्याच्या नकाशात भारताचे द्वीपकल्प जवळजवळ नाहीसेच होते. किनारा खाली उतरण्याऐवजी पूर्वेकडे धावत सुटतो.