होडीच्या तळाची रंगपूर्व तयारी

होडी पाण्याबाहेर ओढल्यापासून तळावर रंगाचा पहिला हात बसेपर्यंतची कामे. थंड देशांत ती हिवाळ्यात होतात, कोकणात पावसाळ्यात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या सुमारास नौका किनाऱ्यावर घेऊन ओंडक्यांवर टेकवतात आणि वर झाप किंवा ताडपत्री घालतात. याला नौका शाकारणे म्हणतात.

तळ ओला आहे तोवरच खरवडावा. शेवाळ सहज निघते, पण बार्नेकल (तळाला चिकटणारे कवचाचे जीव) वाळले की दगडासारखे घट्ट होतात. कवच उडाले तरी लाकडावर त्याच्या बुडाची पांढरी चकती उरते. ती राहिली तर नवा रंग नेमका तिथूनच सुटतो, म्हणून चकती न् चकती पात्याने काढावी लागते. मग तळ गोड्या पाण्याने धुतात. मीठ राहिले तर ते ओल ओढून घेते आणि रंगाला फोड येतात.

पुढचे काम कानाचे. जाणता नाखवा फळीवर हातोडीने ठोकत जातो. टणक आवाज आला तर फळी धड, बद्द आला तर आत कुज किंवा किडीने पोखरलेले. तिथे सुरीचे टोक रुतते. अशी फळी बदलतात, सैल सांध्यांत कापूस ठासून वर लांबी (भेगा बुजवायचा लगदा) भरतात.

सर्वांत अवघड काम म्हणजे वाळवणे. युरोपात थंडीमुळे रंग धरत नाही, इथे हवेतल्या दमटपणामुळे. उघडीप मिळाली म्हणून घाईने ओल्या लाकडावर रंग मारला, तर तो हंगामाच्या मध्यावरच पापुद्र्यांनी सुटतो.

जुना रंग पॉलिशपेपरने घासताना पाणी वापरावे आणि तोंडाला मास्क बांधावा. शेवाळरोधक रंगांत सहसा तांब्याचे ऑक्साइड असते आणि त्याची कोरडी धूळ छातीत जाते. ट्रायब्युटिल टिन हे विषारी रसायन असलेल्या जुन्या रंगांनी शिंपल्यांची कवचे विकृत होऊ लागली होती. त्या रंगांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला व २००८ मध्ये लागू झाला. खरवडलेला चुरा ताडपत्रीवर गोळा करावा. तो खाडीत गेला तर नुकसान मासळीचेच.

होडीच्या पंख्याजवळच्या (प्रोपेलरजवळच्या) जस्ताच्या तुकड्यांवर रंग लागू देऊ नये, नाहीतर ते धातूला गंजापासून वाचवू शकत नाहीत. शेवाळरोधक रंगाचा शेवटचा हात नारळी पौर्णिमेच्या सुमारास, होडी पाण्यात लोटायच्या तोंडावर देतात.