रुग्णसातत्य (उच्च रक्तदाबाच्या डिजिटल उपचारातील)

उच्च रक्तदाबाचे निदान झालेली व्यक्ती मोबाइल अ‍ॅप, लघुसंदेश, फोन किंवा घरी मोजलेल्या नोंदी पाठवण्याची सोय यांच्या आधाराने उपचारात टिकून राहणे, आणि ती टिकावी म्हणून आरोग्ययंत्रणेने केलेला पाठपुरावा, या दोन्हींना मिळून येथे रुग्णसातत्य म्हटले आहे. या आजारात बहुधा काही दुखत नाही. गोळी घेतल्याने बरे वाटत नाही, सोडल्याने लगेच काही बिघडत नाही. म्हणून निदानापेक्षा दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या महिन्याची फेरी अवघड ठरते.

संज्ञा व पूर्वेतिहास : या विषयाच्या अभ्यासाचा आरंभ साधारणपणे 1970 च्या दशकात, कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील डेव्हिड सॅकेट व ब्रायन हेन्स यांच्या कामापासून धरतात. त्यांचा हॅमिल्टन येथील पोलाद कामगारांवरील प्रयोग 1975 मध्ये प्रसिद्ध झाला. उच्च रक्तदाब असलेल्या 230 कामगारांपैकी काहींना कामाच्या ठिकाणीच डॉक्टर उपलब्ध करून दिले, काहींना आजाराची पद्धतशीर माहिती शिकवली. शिकवलेल्यांचे ज्ञान वाढले, परंतु गोळ्या घेण्याचे प्रमाण दोन्ही उपायांनी वाढले नाही. पुढच्या वर्षीच्या प्रयोगात, गोळ्या चुकवणाऱ्या कामगारांना स्वतःचा रक्तदाब मोजून लिहून ठेवायला शिकवले, गोळीची वेळ रोजच्या सवयींशी जोडून दिली आणि दर पंधरवड्याला कोणीतरी विचारपूस केली. तेव्हा फरक पडला. आजचे अ‍ॅप जे करू पाहते त्याचा गाभा या 1976 च्या प्रयोगात कागदावर सापडतो. त्याच गटाने 1978 मध्ये दाखवलेली गोष्ट कमी सांगितली जाते : ‘तुम्हाला बीपी आहे’ असे कळल्यावर कामगारांच्या गैरहजेरीचे दिवस वाढले. निदानाचा शिक्काही माणसाला लागतो, हे संदेश लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवायला हवे.

त्या काळी वापरात असलेल्या शब्दाचा अर्थ जवळजवळ ‘आज्ञापालन’ असा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 च्या अहवालाने त्याऐवजी रुग्णाची संमती गृहीत धरणारा ‘अनुसरण’ या अर्थाचा शब्द पसंत केला; विकसित देशांतही दीर्घकालीन औषधोपचाराचे अनुसरण सरासरी 50 टक्केच असते, असे त्यात नमूद आहे. डिजिटल साधने आल्यावर ‘सहभाग’ हा शब्द रूढ झाला. तो सैल आहे. काही संशोधक अ‍ॅप किती वेळा उघडले यालाच सहभाग म्हणतात, तर काही उपचारात राहण्याला. डिजिटल आरोग्याचे संशोधक गुंथर आयझेनबाख यांनी 2005 मध्ये गळतीचे दोन प्रकार वेगळे केले : अभ्यासातूनच निघून जाणे आणि नाव राहूनही साधन न वापरणे. रक्तदाबाच्या बाबतीत हा भेद अधिक उपयोगी वाटतो, कारण अ‍ॅप बंद करून गोळी नियमित घेणारा रुग्ण यशस्वीच मानला पाहिजे.

साधनांचा परिणाम : निष्कर्ष एकसारखे नाहीत. ब्रिटनमधील 1,182 रुग्णांच्या चाचणीत (2018) घरी मोजलेल्या नोंदी पाहून डॉक्टरांनी औषध बदलले, तेव्हा वर्षाअखेर वरचा रक्तदाब सरासरी 137 आणि नोंदी फोनवरून पाठवणाऱ्यांत 136 भरला. नेहमीच्या उपचारात तो 140 होता. केप टाउनमधील लघुसंदेशांच्या चाचणीत (2016) फरक जेमतेम 2 अंकांचा होता. अमेरिकेतील 411 जणांच्या चाचणीत (2018) आठवण करून देणाऱ्या अ‍ॅपमुळे गोळ्या घेण्याचे प्रमाण, रुग्णांच्याच सांगण्यानुसार, किंचित सुधारले, रक्तदाब मात्र उतरला नाही. मिनेसोटातील चाचणीत औषधतज्ज्ञ नोंदी पाहून फोन करीत असत. तेथील लाभ दोन वर्षांपर्यंत टिकला, साडेचार वर्षांनी लक्षणीय उरला नाही. या सर्वांतून जे मत बळकट होते ते असे : नुसती आठवण दुबळी असते, आकडा पाहून कोणी औषध बदलत असेल, कोणी बोलत असेल, तर साधन कामी येते.

भारतातील पद्धत : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019–21) 15 वर्षांवरील 24 टक्के पुरुष व 21 टक्के स्त्रियांचा रक्तदाब वाढलेला आढळला किंवा त्यासाठी ते औषध घेत होते. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम नोव्हेंबर 2017 मध्ये पाच राज्यांतील निवडक जिल्ह्यांत सुरू झाला. महाराष्ट्रात त्यात भंडारा, वर्धा, सातारा व सिंधुदुर्ग होते. 2022 मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला, तेव्हा तो 23 राज्यांतील 130 हून अधिक जिल्ह्यांत पोहोचला होता.

येथे अ‍ॅप रुग्णाच्या हाती नसते, आरोग्यसेविकेच्या हाती असते, आणि हेच या पद्धतीचे बळ आहे. रुग्णाला क्यूआर कोड असलेले कार्ड मिळते. रेशनकार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेले ते कार्ड सेविका ‘सिंपल’ या मुक्तस्रोत अ‍ॅपवर स्कॅन करते, आकडा व गोळ्या टिपते, महिन्याभराच्या गोळ्या आणि पुढची तारीख देते. नेटवर्क नसले तरी नोंद होते. तारीख उलटली की नाव थकीत यादीत येते आणि सेविका फोन लावते. तिचा स्वतःचा नंबर रुग्णाला दिसत नाही. पुष्कळदा फोन सून उचलते, ‘सिस्टर, आत्या शेतात गेल्यात, सांगते त्यांना,’ म्हणते. अ‍ॅपमध्ये तीन उत्तरे असतात : येणार आहे, नंतर आठवण करा, यादीतून काढा, काढायचे तर कारण द्यावे लागते. वर उल्लेखिलेल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या स्त्रिया सुमारे 54 टक्केच होत्या, त्यामुळे रुग्णाच्या नावावरचा नंबर अनेकदा मुलाचा किंवा नवऱ्याचा असतो. अशा ठिकाणी आशाताईंची घरभेट फोनहून खात्रीची ठरते.

मोजमापाचा प्रश्न : नियंत्रणाची टक्केवारी भागाकारात कोणाला धरले यावर अवलंबून असते. समजा, 100 जणांची नोंदणी झाली, तिमाहीत 60 आले आणि त्यांतील 45 जणांचा रक्तदाब 140/90 च्या खाली होता. आलेल्यांत मोजले तर नियंत्रण 75 टक्के, नोंदलेल्या सर्वांत मोजले तर 45. पहिला आकडा सुखावतो, कारण न आलेले 40 जण त्यातून नाहीसे होतात. उपक्रमात तीन महिन्यांत न आलेल्यांना वेगळे मोजून तेही भागाकारात ठेवतात. ही रीत अधिक प्रामाणिक आहे. बारा महिने न फिरकलेल्यांना मात्र पाठपुराव्याबाहेर गेलेले समजतात, आणि त्यांची संख्या शेजारी छापली नाही तर याही टक्केवारीला फसवा उजाळा येतो.

गळतीची कारणे : केंद्रात गोळ्या संपलेल्या असणे हे सर्वांत साधे कारण होय. एकदा रिकाम्या हाताने परतलेला, मजुरी बुडालेला माणूस पुढच्या संदेशाला उत्तर देत नाही. 2020 च्या टाळेबंदीत अनेक ठिकाणी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या गेल्या, काही ठिकाणी त्या घरपोच झाल्या. ती सवलत साथीपुरती न ठेवण्याजोगी आहे. ‘बीपी नॉर्मल आलं, मग गोळी कशाला’ हा समजही सर्वत्र आढळतो. स्थलांतरितांविषयी लेखन तुटपुंजे आहे. बीड भागातील ऊसतोड कामगार दिवाळीच्या आगेमागे निघून पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि पाच-सहा महिन्यांनी परततात. गावच्या केंद्राच्या यादीत ते दर हंगामात थकीत दिसतात. कार्डावरचा कोड दुसऱ्या केंद्रात चालतो, मात्र ते केंद्र त्याच प्रणालीत असावे लागते, आणि कार्ड कोपीवरच्या (फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीतल्या) पेटीत बरोबर आलेले असावे लागते.