मंडालेचा एक दिवस: राजवाड्याबाहेर गेलं तेच उरलं

मंडालेची एका दिवसाची फेरी बहुधा ठरलेली असते. पहाटे महामुनी बुद्धमूर्तीचं मंदिर, मग राजवाडा, दुपारी श्वेनंदॉ मठ आणि कुथोडॉ पॅगोडा, सूर्यास्ताला मंडाले टेकडी. यांत हिरमोड करतो तो राजवाडाच. बाहेरचा खंदक आणि एका बाजूला सुमारे दोन किलोमीटर पसरलेला तट पाहून अपेक्षा वाढते, आणि आत दिसतात पत्र्याच्या छपरांचे नवे मंडप. ही १९९० च्या दशकात पुरी झालेली प्रतिकृती आहे. मूळ वास्तूतला एक टेहळणीचा मनोरा आणि टांकसाळ एवढंच तटाच्या आत शिल्लक आहे. खरा राजवाडा बघायचा तर तटाबाहेर जावं लागतं, कारण इथून जे हललं ते वाचलं आणि जागेवर राहिलं ते जळालं.

हलवाहलव या शहराच्या जन्मापासूनची. १८५२ च्या युद्धात इंग्रजांनी रंगूनसह (आजचं यांगून) खालचा ब्रह्मदेश घेतला आणि ब्रह्मी राज्याचा समुद्र तुटला. दुसऱ्याच वर्षी मिंडॉन गादीवर आला. त्यानं अमरापूर सोडून नवी राजधानी वसवायची ठरवली. बुद्ध आपला शिष्य आनंद याच्याबरोबर मंडाले टेकडीवर आले होते आणि धर्माला २४०० वर्षं होतील तेव्हा पायथ्याशी मोठं नगर उभं राहील असं म्हणाले होते, अशी कथा सांगतात. ब्रह्मी गणनेप्रमाणे ते वर्ष १८५७ च्या सुमाराला येत होतं. इकडे हिंदुस्थानात उठाव पेटला होता, त्याच वर्षी तिकडे मंडालेचा पाया घातला गेला. अमरापूरचा सागवानी राजवाडा सुटा करून हत्तींकरवी ओढून आणला. खांब-तुळया उतरवायच्या, नव्या जागी पुन्हा उभ्या करायच्या. सागवानी बांधकामात हे चालून जातं.

दगडाचं तसं नाही, आणि मिंडॉनला ते नेमकं ठाऊक होतं. ताडपत्रं कसरीनं आणि आगीनं जातात, शिवाय इंग्रज दारात उभे. म्हणून १८६० मध्ये त्यानं सगळं त्रिपिटक, म्हणजे बौद्धांचे मूळ धर्मग्रंथ, कुथोडॉ पॅगोडाच्या आवारात संगमरवरावर कोरायला घेतलं. १८६८ पर्यंत ७२९ शिळा झाल्या, दोन्ही बाजूंनी कोरलेल्या, आणि हे काम कसं झालं ते सांगणारी एक वेगळी. एकेक शिळा साधारण दीड मीटर उंच आणि पाच इंच जाड आहे. प्रत्येकीला स्वतःची पांढरी घुमटी आहे. जाळीतून डोकावलं की ब्रह्मी लिपीतल्या गोलगोल अक्षरांच्या ओळी दिसतात, दाट, मुंग्यांच्या रांगांसारख्या. भाषा पाली आहे, त्यामुळे कुणी मोठ्यानं वाचलंच तर मराठी कानाला मधूनच ‘धम्म’, ‘संघ’ ओळखू येतात. अक्षरांत आज काळा रंग आहे. मुळात तिथं सोनं भरलं होतं. इंग्रज फौजेनं इथं तळ ठोकला, त्यानंतर सोनं आणि रत्नं गेली, आणि घुमट्यांच्या छत्र्यांना लटकवलेल्या घंटाही. प्रत्येक घुमटीला नऊ, एकूण ६,५७०. शिळा मात्र लुटून नेण्यासारख्या नव्हत्या. २०१३ मध्ये युनेस्कोनं त्यांची जागतिक स्मृतिवारशात नोंद केली.

जवळच श्वेनंदॉ मठ. आज तो काळपट सागवानाचा दिसतो, आत गेलं की खांबांवर सोनेरी मुलामा अजून चमकतो. हा मुळात मठ नव्हताच, मिंडॉनचा राहता महाल होता. १८७८ मध्ये राजा इथेच वारला. मुलगा थिबा गादीवर आला आणि बापाचा आत्मा महालात वावरतो म्हणून त्यानं तो उतरवून तटाबाहेर हलवला, असं सांगतात. भीती खरी होती की नाही कोण जाणे. पण तिच्यामुळेच मूळ राजवाड्याचा एवढा मोठा तुकडा हाती लागला. दारं-भिंतींवरची जातककथांची कोरीव कामं निवांत बघावीत.

थिबाचं राज्य सात वर्षं टिकलं. सुरुवातच भाऊबंदांच्या कत्तलीनं झाली होती. शेवटाला निमित्त झालं लाकूड. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशननं सागवानाचे ओंडके कमी दाखवले म्हणून दरबारानं सुमारे २३ लाख रुपये दंड केला. इंग्रजांनी ते प्रकरण उचलून निर्वाणीचा खलिता धाडला. नोव्हेंबर १८८५ मध्ये पंधरवड्यात युद्ध संपलं आणि राजाराणीला बैलगाडीतून नदीकाठच्या आगबोटीवर नेलं. (कंपनी आजही आहे, मुंबईतच.) राजवाड्याचा झाला फोर्ट डफरिन, आणि राणीच्या महालात गोऱ्या साहेबांचा क्लब भरू लागला. तो हलवायला खुद्द लॉर्ड कर्झनला सांगावं लागलं. राजाचं सिंहासन कलकत्त्याच्या संग्रहालयात गेलं, १९४८ मध्ये परत आलं आणि आता यांगूनला आहे. मंडालेत राहिलेली बाकीची सिंहासनं मार्च १९४५ मध्ये राजवाड्याबरोबर जळाली. किल्ल्यात दबा धरलेल्या जपान्यांना हुसकायला १९ व्या हिंदी डिव्हिजननं वेढा दिला होता, त्यात तोफा आणि बाँब आतल्या सागवानावर पडले.

महामुनीची मूर्तीही मंडालेची नाही. ब्रह्मी राजा बोदॉपयानं १७८४-८५ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरचं आराकानचं राज्य जिंकून ती अमरापूरला आणली. तिच्याबरोबर आलेल्या काशाच्या पुतळ्यांचा प्रवास तर थक्क करणारा: कंबोडियातल्या अंगकोरहून सयामची राजधानी अयुथ्या, तिथून खालच्या ब्रह्मदेशातलं पेगू, मग आराकान, शेवटी इथे. दर मुक्कामाला एक पराभव. उरलेले सहा पुतळे आवारात आहेत. आपला दुखरा अवयव असेल तोच पुतळ्याचा चोळायचा, अशी समजूत, त्यामुळे पोट आणि गुडघे लख्ख झालेत.

राहिला खुद्द राजा थिबा. त्याला आधी मद्रासला आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. आडबाजूचं बंदर, रेल्वे नाही. ती यायला पुढं शंभरावर वर्षं लागली. जांभ्या दगडाच्या मुलखात त्याला स्वतःचा ‘थिबा पॅलेस’ मिळाला तो १९१० च्या सुमाराला. नेमकं तेव्हा रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या किल्ल्यातल्या तुरुंगात गीतारहस्याचा मसुदा लिहीत होते. सहा वर्षं काढून ते १९१४ मध्ये सुटले. थिबा सुटला नाही, १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला.

राणी सुपयालत १९१९ मध्ये ब्रह्मदेशात परतली खरी, पण मंडालेला नव्हे. ती रंगूनला राहिली आणि १९२५ मध्ये तिथेच गेली. मंडालेचा तट मार्च २०२५ च्या भूकंपात जागोजागी ढासळला. थिबाची कबर अजून रत्नागिरीत आहे. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन तिथं येऊन गेले.