मानसशास्त्रीय संशोधनातील सांस्कृतिक पूर्वग्रह

एका समाजातील माणसांचा अभ्यास करून काढलेला निष्कर्ष साऱ्या मानवजातीला लागू धरणे, किंवा एका समाजात घडवलेली मोजपट्टी दुसऱ्या समाजाला लावून दिसणारा फरक त्याचा उणेपणा ठरवणे, याला मानसशास्त्रीय संशोधनातील सांस्कृतिक पूर्वग्रह म्हणतात. पहिला दोष आकड्यांत पकडता येतो. दुसरा सिद्धांताच्या मांडणीतच मुरलेला असल्याने सहसा नजरेतून निसटतो.

आकड्यांचा हिशेब जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये मांडला. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या सहा नियतकालिकांत २००३ ते २००७ या काळात आलेल्या अभ्यासांपैकी ६८ टक्क्यांतील सहभागी अमेरिकेतले होते. पाश्चात्त्य औद्योगिक देश एकत्र धरले तर हे प्रमाण ९६ टक्के होते. त्या देशांत जगाची जेमतेम १२ टक्के लोकसंख्या राहते. २०१० मध्ये जोसेफ हेनरिक, स्टीव्हन हाइन आणि आरा नोरेन्झायन यांनी पुढचा मुद्दा दाखवला. हा पाश्चात्त्य, शिक्षित, औद्योगिक, श्रीमंत आणि लोकशाही देशांतला गट (या शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांच्या भाषेत ‘वीअर्ड’, म्हणजे विचित्र) अनेक बाबतींत मानवी सरासरीच्या जवळपासही नाही, तो टोकाला आहे.

हे अगदी नवे नव्हते. ब्रिटिश संशोधक डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी १८९८ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांमधल्या टोरेस सामुद्रधुनीतील बेटांवर आणि नंतर १९०१-०२ मध्ये निलगिरीतील तोडा लोकांमध्ये दृष्टिभ्रमाच्या चाचण्या घेतल्या. टोकांना उलटसुलट बाण असलेल्या दोन सारख्या रेषा लहानमोठ्या भासतात, त्या म्युलर-लायर भ्रमाला हे लोक इंग्रजांपेक्षा कमी फसले. साठच्या दशकात सेगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोविट्स यांनी अनेक समाजांत हीच चाचणी घेतली. अमेरिकेतील इव्हॅन्स्टनचे रहिवासी सर्वाधिक फसले, तर कालाहारीतील सान लोक जवळजवळ फसलेच नाहीत. काटकोनी घरांत वाढलेले लोक जास्त फसतात, हे त्यांचे स्पष्टीकरण आजही वादग्रस्त आहे.

नैतिकतेच्या अभ्यासात प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. लॉरेन्स कोलबर्ग यांनी नैतिक विकासाच्या पायऱ्या शिकागो परिसरातील मुलग्यांच्या मुलाखतींवरून रचल्या. वरच्या पायऱ्यांवर व्यक्तीचे हक्क आणि न्यायाची अमूर्त तत्त्वे असल्याने कर्तव्य आणि नात्यांच्या भाषेत उत्तर देणारा प्रौढ मधल्याच पायरीवर अडकतो. रिचर्ड श्वेडर, मनमोहन महापात्र आणि जोन मिलर यांनी १९८७ मध्ये भुवनेश्वर आणि शिकागो येथील उत्तरांची तुलना प्रसिद्ध केली. वडील वारल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली, हे भुवनेश्वरच्या ब्राह्मणांना सर्वांत गंभीर अपराधांपैकी वाटले; शिकागोकरांना त्यात काहीच वावगे दिसले नाही. मराठी वाचक कोंबडीपाशी मान डोलावेल, पण केसांपाशी अडखळेल, कारण आपल्याकडे अनेक घरांत क्षौर हा अंत्यविधीचाच भाग असतो. तेव्हा ‘भारतीय मन’ हेही एकसंध मानायला नको.

मिलर यांचा १९८४ चा म्हैसूरमधील अभ्यास माझ्या मते यांपैकी सर्वांत निर्णायक आहे. दुसऱ्याच्या वागण्याचे कारण परिस्थितीपेक्षा त्याच्या स्वभावात शोधण्याच्या सवयीला ली रॉस यांनी १९७७ मध्ये ‘मूलभूत’ चूक म्हटले होते. मिलर यांनी ओळखीच्या माणसांच्या बऱ्यावाईट वागण्याची कारणे विचारली. शिकागोतील प्रौढांनी स्वभावाकडे बोट दाखवले. म्हैसूरच्या हिंदू प्रौढांनी नाती, भूमिका आणि प्रसंग सांगितले. आठ वर्षांच्या मुलांमध्ये मात्र दोन्हीकडे फारसा फरक नव्हता. तो वयाबरोबर वाढत गेला. म्हणजे ज्याला ‘मूलभूत’ म्हटले ते बऱ्याच अंशी संस्कारांतून येत होते.

बुद्धिमापनात या पूर्वग्रहाची किंमत माणसांनी मोजली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांवर वापरलेल्या चाचण्यांवरून कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ मध्ये दक्षिण आणि पूर्व युरोपीय स्थलांतरितांना कमी बुद्धीचे ठरवले. १९३० मध्ये त्यांनीच ते निष्कर्ष मागे घेतले. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी बिने ही बुद्धिचाचणी कन्नड आणि मराठी मुलांसाठी नव्याने बेतली. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९४० मध्ये निघाले. नुसते भाषांतर पुरत नाही, प्रश्नांची काठिण्यपातळी इथल्या मुलांवरच ठरवावी लागते, हे त्यामागचे तत्त्व होते.

या टीकेलाही मर्यादा आहेत. ‘मेनी लॅब्ज २’ या २०१८ च्या प्रकल्पात २८ जुने निष्कर्ष ३६ देश-प्रदेशांत तपासले गेले. जे टिकले ते बहुतेक ठिकाणी टिकले, जे पडले ते बहुतेक ठिकाणी पडले. देशागणिक फरक अपेक्षेपेक्षा कमी निघाला. अर्थात त्यातले बरेच सहभागीही विद्यापीठांतलेच विद्यार्थी होते. भारतीय संशोधकही शहरी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांकडेच वळतात, कारण ते हाताशी असतात. ऊसतोड कामगार किंवा मेळघाटातील कोरकू प्रश्नावलीपर्यंत क्वचितच पोचतात.