नायट्रस आणि इंजिनाचा खालचा भाग : पार्श्वभूमी

नायट्रस ऑक्साइडवर इंजिनाची ताकद वाढवण्याची चर्चा सहसा बाटली, नोझल आणि किटच्या किमतीपासून सुरू होते. वास्तविक ती क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड आणि पिस्टन या खालच्या भागापासून सुरू व्हायला हवी. हा वायू हाताशी आला तेव्हा त्याचा दाब सोसणारे इंजिन बांधण्याची विद्या तयार नव्हती, आणि ती घडायला पुढे बराच काळ गेला.

जोसेफ प्रिस्टली यांनी हा वायू १७७२ मध्ये तयार केला आणि पुढे भूल देण्यासाठी तो रूढ झाला. इंजिनासाठी महत्त्वाची गोष्ट अशी की वजनाने हवेत ऑक्सिजन सुमारे २३ टक्के असतो, तर नायट्रसमध्ये ३६ टक्के. साधारण ३०० अंश सेल्सियसला त्याचे विघटन होऊन हा ऑक्सिजन मोकळा होतो आणि सिलिंडरमध्ये जास्त इंधन जाळता येते. शिवाय द्रवरूप नायट्रस उणे ८८ अंशाला उकळतो, त्यामुळे आत येणारी हवा थंड व दाट होते.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाने ‘जीएम-१’ या नावाने नायट्रस विमानांत वापरला, तर ब्रिटिशांनी मॉस्किटो विमानांत त्याचा उपयोग केला. या प्रकरणातला एक मुद्दा पुष्कळदा निसटतो. फार उंचीवर हवा विरळ होते, सुपरचार्जरची (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंपाची) कुवत संपते आणि सिलिंडरमधला दाब घटतो. नायट्रस तिथे मुख्यतः ही तूट भरून काढत होता. जमिनीवर मात्र इंजिनाला पूर्ण हवा मिळत असते आणि नायट्रसची ताकद तिच्यावर चढते. म्हणूनच विमानातले यश मोटारीत जसेच्या तसे उतरले नाही.

युद्धानंतर अमेरिकी शर्यतींत नायट्रसचा चोरून वापर होत राहिला. १९७६ च्या डेटोना ५०० शर्यतीच्या पात्रता फेरीत ए. जे. फॉइट आणि डॅरेल वॉल्ट्रिप यांच्या वेळा याच कारणाने रद्द झाल्या. १९७८ मध्ये माइक थर्मोस आणि डेल वॅझनायन यांनी ‘नायट्रस ऑक्साइड सिस्टिम्स’ ही कंपनी काढली आणि तयार किट सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचले. ओतीव पिस्टन आणि कारखान्यातून आलेले रॉड यांच्या मर्यादा त्यानंतर अनेकांना स्वतःच्या इंजिनात कळल्या.

सगळ्यात बोलका धडा पिस्टनभोवतीच्या रिंगचा आहे. जास्त उष्णतेने वरची कॉम्प्रेशन रिंग फुगते. तिच्या टोकांत पुरेशी फट नसेल तर टोके एकमेकांना भिडतात, रिंग सिलिंडरात अडकते आणि पिस्टनचा वरचा काठच उपटून काढते. साध्या इंजिनात बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या) प्रत्येक इंचामागे चार ते साडेचार थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फट पुरते, तर नायट्रससाठी ती पाच ते सात थाऊपर्यंत नेतात. चार इंची बोअरला म्हणजे सोळा-अठरा थाऊऐवजी वीस ते अठ्ठावीस. फिलर गेजने मिनिटभरात तपासता येणारी ही गोष्ट घाईत राहून जाते, याची मला मनापासून खंत वाटते. पिस्टनच्या धातूबाबत २६१८ आणि ४०३२ हे घडीव ॲल्युमिनियमचे दोन मिश्रधातू रूढ झाले. २६१८ अधिक चिवट असतो, पण जास्त प्रसरण पावतो, म्हणून त्याला सिलिंडरच्या भिंतीपासून जास्त अंतर द्यावे लागते आणि थंड इंजिनात तो खडखडतो. रॉड आणि क्रँकसाठी ४३४० हे घडीव पोलाद प्रमाण मानले जाऊ लागले.

मराठवाड्यात या विद्येचे दोन प्रवाह आहेत. एक कारखान्यांचा : १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आसपास सुटे भाग बनवणारे उद्योग वाढले. मोटारसायकलच्या एक-सिलिंडरी इंजिनाचा क्रँक बहुधा एकसंध नसतो. दोन चकत्या पिनवर दाबून बसवलेल्या असतात. अचानक आलेल्या धक्क्याने त्या पिनवर फिरतात आणि क्रँक ‘आउट’ होतो, म्हणून शर्यतीच्या इंजिनात पिन वेल्ड करतात. दुसरा प्रवाह बीड, जालना, परभणी, लातूर इथल्या बोअरिंग-ग्राइंडिंगच्या वर्कशॉपचा. गाळप हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर कमी फेऱ्यांवर मोठा भार सोसतो, आणि कमी आरपीएमला नायट्रस सोडला तर बेअरिंगवर तसाच जड भार येतो. त्यामुळे नायट्रस साधारण तीन हजार आरपीएमच्या वर आणि थ्रॉटल पूर्ण उघडल्यावरच सोडण्याची पद्धत पडली, तसेच अवेळी होणारा स्फोट टाळण्यासाठी इग्निशन टायमिंग मागे घेणे, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडणे, आवश्यक ठरले.

उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला मान्य नाहीत, त्यामुळे हे सारे काम बंदिस्त ट्रॅकवरच्या वाहनांपुरतेच आहे. अशा इंजिनासाठी क्रँक ग्राइंडिंगला देताना जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा क्रँकचा गोल भाग) किती थाऊ उतरवला एवढेच विचारून भागत नाही. जर्नल आणि चकती मिळतात त्या कोपऱ्यातली गोलाई कायम राखली आहे का, हेही पाहावे लागते, कारण तिथे धारदार कोपरा राहिला तर घडीव क्रँकसुद्धा नेमका तिथूनच तडकतो.